महाराजांचा पासवर्ड

राणीसाहेबांच्या हातची पुरणपोळी चिवट होते, असं रत्नसेन महाराजांनी आपल्या बहिणीला ईमेलमध्ये लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत ते राणीसाहेबांच्या कानावर गेलं! राणीसाहेबांनी अबोला धरला. महाराजांचं डोकं फिरलं. त्यांचा पासवर्ड ठाऊक असलेला दुसरा माणूस म्हणजे कारकून अंबादास. त्यानंच फोडला असणार!

सकाळीच हुकूम सुटला. अंबादासनं दिवस मावळायच्या आत नवा पासवर्ड द्यावा. महाराज तो जन्मात विसरता कामा नयेत, कुठं लिहून ठेवायला लागू नये, आणि राज्यात कुणालाही तो ओळखता येऊ नये. नाहीतर अंबादास बायकोपोरांसकट सीमेपार.

बिचाऱ्यानं आकडे, अक्षरं, चिन्हं कालवून एक पासवर्ड दिला. महाराज तो विडा तोंडात टाकेपर्यंत विसरले. दुसरा दिला, तो विडा चघळता चघळता गेला. शेवटी जुनाच पुन्हा लावून ठेवला.

दुपारी बायको चंद्रभागा डबा घेऊन आली, तर नवरा दोन पहारेकऱ्यांच्या मधे घाम पुसत बसलेला. तिनं सगळं ऐकून घेतलं. घर सोडून पोरांना घेऊन जायचं कुठं? पण बाई मुळात धीराची. डबा तिथंच ठेवून ती तडक दरबारात गेली आणि म्हणाली, "महाराज, मी आपला पासवर्ड कधी पाहिला नाही. तीनदा प्रयत्न करू?"

प्रधानजी हसले. महाराजांनी मान हलवली.

तिनं आधी राणीसाहेबांचं नाव घातलं. उघडेना. मग महाराजांच्या लाडक्या हत्तीचं. तरी उघडेना. तिसऱ्यांदा हत्तीचं नाव आणि त्याला जोडून महाराजांचं जन्मसाल. उघडलं!

"हत्तीचं नाव त्याच्या झुलीवर आहे," चंद्रभागा म्हणाली, "आणि जन्मसाल वाढदिवसाच्या पेढ्यांच्या खोक्यावर. पेढे तर गावभर वाटता. माझ्या नवऱ्यालाच का धरलंत?"

महाराज जरा वरमले, पण हट्ट सोडतील तर ते महाराज कसले! नवा पासवर्ड हवाच, म्हणाले.

"मग लहानपणापासून मनात दडवलेली, अजून लाज वाटते अशी एक गोष्ट आठवा. तिचं अख्खं लांबलचक वाक्य करा. ते विसरता यायचं नाही, लिहून ठेवायची छाती व्हायची नाही आणि दुसऱ्या कुणाला ते सुचायचंही नाही."

"आम्हाला कसली आलीय लाज?" महाराज गुरगुरले. मग हळूहळू त्यांचे कान लाल झाले. त्यांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि एका बोटानं बराच वेळ टाइप केलं.

मग ते भरपेट जेवले, वामकुक्षी झाली, उठून पुन्हा संगणकापुढं बसले. पहिल्याच फटक्यात उघडलं! प्रधानजी हळूच विचारायला गेले, तेव्हा महाराज ओरडले, "राज्य मागा, देतो. हे विचारू नका!"

अंबादासची सुटका झाली. महाराजांनी चंद्रभागेला शालू दिला, हातातलं एक सोन्याचं कडं दिलं आणि मिश्कीलपणे विचारलं, "तुझा पासवर्डही असाच असेल. नवऱ्याला तरी सांगितलास का?"

"त्यांच्यापासूनच तर लपवायचाय, महाराज!"

महाराज पोट धरधरून हसले, आणि दुसरं कडंही काढून तिच्या हातात ठेवलं.