राणीचा तांब्या आणि शिणवट्याचा शाप

एका राज्यात कुणाचाच शीण जात नसे. निजावं, तर दुप्पट थकून उठावं. दोष राजाचा. त्यानं एका मांत्रिकाला तीन दिवस दारात ताटकळत ठेवलं, तेव्हा मांत्रिक शापून गेला : राज्याला विसावा नाही, आणि राजा पायांपासून दगड होत जाईल. उतारा एकच. दूरच्या डोंगरावरची रोझमेरी नावाची सुवासिक वनस्पती आणावी, राजवाड्यात वाढवावी, तिचा काढा राजाला पाजावा.

सेनापती जांभई देत म्हणाला, उद्या बघू. म्हणून येसू माळीण निघाली. शिणलेली तीही होतीच. तीन डोंगर तिनं बसत-उठत ओलांडले. तिसऱ्यावर एक धनेश पक्षी बोलत होता. पक्षी तेव्हा बोलतच, त्यात नवल नाही. त्यानं तीन फांद्या दिल्या. खालची पानं काढ, रेताड मातीत खोच, ऊन दे, असं सांगून म्हणाला, "पाणी मात्र मागेल तेव्हाच."

"मागते कशी?"

"मातीत बोट खुपस. कोरडं लागलं, की मागतेय."

पहिली फांदी रुजली. पण राणी पडली भाविक. तुळशीला घालावं तसं रोज न्हाऊन तांब्याभर पाणी घाली, वर पाच प्रदक्षिणा. मुळं कुजली. राजा गुडघ्यापर्यंत दगड झाला. दुसरी फांदी येसूनं परसात लपवली, तर राजाच्या काळजीनं अख्खं नगर कळशा घेऊन लोटलं. तीही कुजली. राजा कमरेपर्यंत दगड.

तिसरी फांदी भोकाच्या कुंडीत लावून येसू पुढ्यातच बसली. राणी तांब्या घेऊन आलीच.

"बाजूला हो, येसू. महाराज अर्धे दगड झालेत."

"म्हणूनच होत नाही, राणीसाहेब."

"मग मी त्यांच्यासाठी करू तरी काय?"

"काही करू नका. इथं बसा."

काही न करण्याची राणीला सवय नव्हती. तांब्या मांडीवर घट्ट धरून ती बसली. पहिले आठ दिवस ती घटकेघटकेला तांब्या उचली आणि परत मांडीवर ठेवी. पुढं ती स्वतःच बोट खुपसून बघू लागली आणि कळशीवाल्यांना परत धाडू लागली. राजा गळ्यापर्यंत दगड झाला, त्या दिवशी झाड हातभर वाढलेलं होतं आणि पान चुरडलं की कापरासारखं घमघमत होतं.

आचारी अख्खी जुडीच आधणात टाकायला निघाला. येसू म्हणाली, कडूजहर होईल. तिनं बोटभर काडी टाकली, वर झाकण ठेवलं. राणीनं चमच्या-चमच्यानं पाजलं. छाती सुटली, कंबर सुटली, गुडघे सुटले. राजा उठला, दोन पावलं चालला, मटकन बसला.

"पाय फार दुखतात," तो म्हणाला.

दगडाचे पाय दुखत नाहीत. राणीनं डोळ्यांना पदर लावला.

मग झोप आली, खरी झोप. राजा बसल्या जागी, राणी त्याच्या खांद्यावर, सेनापती घोड्यावर, घोडा उभ्यानं. तीन दिवस राज्य नुसतं घोरत होतं. येसूचे आभार मानायला कुणी जागंच नव्हतं. तिलाही त्याचं काही नव्हतं. कुंडीशेजारी आडवी होऊन ती सगळ्यांत मोठ्यानं घोरत होती.