शेजारची रेघ

"बाई, यंत्र चुकू शकतं ना?"

"शकतं."

"मग हे चुकलंय ना?"

कुमुदबाई रक्ततपासणीच्या जेलचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिल्या. शार्दूल त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

फोटोत रक्ताचा एकच नमुना होता आणि तो त्याचा स्वतःचा होता.

रक्तातली ग्लोब्युलिनं नावाची प्रथिनं विजेच्या ओढीने जेलच्या पातळ, लिबलिबीत थरावर पसरतात. त्यांतली रोगाशी झुंजणारी जी असतात, ती निरोगी माणसात धुरकट दिसतात, बोटाने काजळ पुसावं तशी. त्या धुरकट डागाशी बारीक, ठळक रेघ उमटली, तर बघणारा सावध होतो. एकाच जातीची पेशी मोकाट सुटली असेल. हाडांच्या मज्जेत कॅन्सर असेल.

शार्दूलच्या डागाशी रेघ होती. चांगली ठसठशीत.

आदल्या दिवशी हाच शार्दूल मिरजेतल्या या प्रयोगशाळेत छाती काढून फिरत होता. जनुकांच्या मोठ्या प्रयोगशाळेतून आलेला, हुशार, अंगात रग. म्हाताऱ्या माणसांच्या ग्लोब्युलिनांवर त्याचं संशोधन नुकतंच सुरू झालं होतं. पहिलं रक्त दिलं ते तंबोरे बनवणाऱ्या बशीरचाचांनी. चाचा धडधाकट होते, गंमत म्हणून आले होते. त्यांच्या जेलवर रेघ दिसली आणि शार्दूलने व्हरांड्यात उभं राहून लगेच फोन लावला.

"चाचा, कॅन्सरचा संशय आहे. मोठ्या दवाखान्यात दाखवा."

पलीकडे लाकूड घासण्याचा आवाज थांबला.

"डॉक्टरसाहेब, एक तंबोरा अर्धा झालाय. पुरा होईल न्हवं?"

"ते आत्ताच कसं सांगणार?" म्हणून शार्दूलने फोन ठेवला होता.

मागे कुमुदबाई उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "त्यांच्या शेजारी तुझं रक्त लावलं होतंस?"

बाईंच्या प्रयोगशाळेची ही जुनी रीत. दुसऱ्याचं रक्त तपासायचं तर शेजारी आपलं लावायचं. शार्दूलला ती रीत म्हणजे म्हातारपणाचा चाळा वाटायचा.

"लावतो की! माझं रक्त म्हणजे निरोगीपणाचा नमुनाच," तो हसून म्हणाला होता.

आणि आज हे असं.

"बाई, काहीतरी बोला ना…"

बाईंनी फोटो उपडा ठेवला. "बाही वर कर," त्या म्हणाल्या.

त्यांनी लाल बुचाच्या नळीत त्याचं रक्त घेतलं आणि नळी त्याच्याच हातात दिली.

"धर. गोठू दे."

"स्टँडमध्ये ठेवतो ना."

"हातात धर. हलवू नकोस."

शार्दूल स्टुलावर बसला. नळी कोमट लागत होती. आतलं रक्त हलत होतं, कारण त्याचा हात हलत होता. त्याने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले.

"हात थरथरतोय तुझा."

"भीती वाटतेय, बाई."

"हं."

बाई समोर बसून राहिल्या.

गडहिंग्लजला आईला फोन करायचा, तर सुरुवात कशी करायची? बायकोला सातवा महिना होता. बाळ चालायला लागेल तेव्हा आपण असू का? विचार तिथवर गेला आणि त्याच्या कानात चाचांचा आवाज आला. पुरा होईल न्हवं?

शार्दूलला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने मान खाली घातली.

तेव्हा कुठे त्याचं नळीकडे नीट लक्ष गेलं. बूच लाल होतं.

जनुकांच्या कामात जांभळ्या बुचाची नळी वापरतात. तिच्यातल्या औषधाने रक्त गोठत नाही, की वाट बघावी लागत नाही. त्याच सवयीने चाचांचं रक्त त्याने जांभळ्या नळीत घेतलं होतं. स्वतःचंही. न गोठलेल्या रक्तात गोठवणारं प्रथिन तसंच राहतं, आणि जेलवर त्याची रेघ नेमकी तिथेच उमटते. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे!

"बाई… जांभळी नळी…"

"हलवू नकोस म्हटलं ना."

रक्त गोठलं. वर पिवळसर पाणी सुटलं. बाईंनी ते स्वतः जेलवर लावलं. रंग चढेपर्यंत शार्दूलने चहाच्या कपाला हात लावला नाही.

डाग धुरकट होता. रेघ गेली होती.

त्याचा जीव भांड्यात पडला. तो हसला, मग बाईंसमोरच डोळे पुसत बसला.

"तुम्हाला फोटो बघताच कळलं होतं?"

"संशय होता."

"मग सांगितलं का नाहीत? जीव जायची वेळ आली होती माझी!"

"संशय काय असा उभ्या उभ्या सांगायचा असतो?"

शार्दूलचं हसू मावळलं. चाचांनी कालची रात्र कशी काढली असेल, हे आता त्याला कुणी सांगायला नको होतं.

"फोन करतो त्यांना. रेघ खोटी होती म्हणून सांगतो."

"खोटी होती?"

त्याने खिशाकडे नेलेला हात मागे घेतला. त्याची स्वतःची खोटी निघाली होती. चाचांची खरी की खोटी, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाईंनी कपाटातून लाल बुचाची नवी नळी काढून त्याच्यापुढे धरली.

"त्यांच्या घरी जा. चूक सांग. रक्त घे. आणि गोठेपर्यंत तिथून उठू नकोस."

शार्दूलने नळी घेतली.

"बाई, हात अजून थरथरतोय. सिस्टरना पाठवू या का?"

"थरथरतोय म्हणूनच तुला पाठवतेय."