बांधावरचा रानकापूस

एका गावात कौतिकराव नावाचा शेतकरी होता. कापूस पिकवण्यात हुशार, आणि ते सगळ्यांना ऐकवण्यात त्याहून हुशार. त्याचा बांध इतका चकाचक, की सरड्यालाही पाय ठेवायची लाज वाटावी.

शेजारचं शेत गिरजाकाकूचं. तिच्या बांधावर रानकापसाचं एक झुडूप होतं. वेडंवाकडं, केसाळ पानांचं. बोंडं बोराएवढी आणि कापूस मातकट. अशी झुडपं आधी गावभर होती. पण मातकट कापूस पांढऱ्यात मिसळला की बाजारात भाव पडायचा. म्हणून कौतिकरावानेच सगळ्यांच्या मागे लागून ती खणून काढायला लावली होती.

"काकू, हे भूत कधी उपटणार?"

"तुझ्या मिशा उपटल्या का मी? राहू दे त्याला. दिव्याला वातीपुरता कापूस देतंय बिचारं."

एका वर्षी रोग आला. पानं लाल पडली आणि कपाशी उभ्या उभ्या वाळली. गावात सगळ्यांनी एकच वाण पेरलेलं, त्यामुळे सगळेच एकदम बुडाले. कौतिकरावाचा तर आवाजच बंद. हिरवं राहिलं ते फक्त काकूचं भूत.

संशोधन केंद्रातल्या एक मॅडम रानकापूस शोधत आल्या. झुडूप बघून तिथेच मातीत बसल्या. म्हणाल्या, "याला रोग लागलेला नाही. आपल्या कापसाशी याचा संकर केला, तर रोगाला टिकणारं वाण निघू शकेल. पण बोंडं कच्ची आहेत. पिकली की बी न्यायला येते. तोवर जपा. दुसरं झुडूप आसपास कुठंच सापडलं नाही."

"म्हणजे पुढच्या साली नवीन बियाणं?" कौतिकरावाने विचारलं.

"नाही हो दादा. दहा-बारा वर्षं तरी लागतील."

"मग माझ्या काय कामाचं?" तो पुटपुटला.

गावाने रोगट झाडं जाळायचं ठरवलं. कौतिकरावाने आपला ढीग पेटवला आणि नेमका वारा फिरला. काकूच्या बांधावरचं वाळलं गवत पेटलं, आग झुडपाकडे सरकली आणि काकू तिकडे धावली. एक ठिणगी उडून त्याच्या कडब्याच्या गंजीवर पडली. ते बैलांचं वर्षभराचं खाणं. आणि जवळ पाण्याची एकच घागर.

गंजी नुकतीच धुमसत होती. घागरभर पाण्यात विझली असती.

कौतिकराव गंजीकडे धावला. मध्येच थांबला. मागे वळून ओरडला, "काकू, सरका!" आणि अख्खी घागर झुडपाभोवती ओतली. उरलेली आग चपलेने बडवली. तोवर गंजीची राख झाली.

"अरे खुळ्या, बैल काय खातील आता?" काकू म्हणाली.

"मलाच खातील." त्याने धुराने भरलेले डोळे पुसले. "कडबा कुठूनही आणीन, काकू. हे कुठून आणू? बाकीची तर मीच खणून काढली ना."

 संध्याकाळी काकूने स्वतःचा अर्धा कडबा त्याच्या गोठ्यात नेऊन टाकला.

बोंडं पिकली, मॅडम बी घेऊन गेल्या. नवीन वाण गावात आलं तेव्हा काकू नव्हती. कौतिकराव होता, पण काठी टेकत. पेरणी बघायची सोडून तो काकूच्या बांधावर त्या झुडपापाशी जाऊन बसायचा. कोणी खुरपं घेऊन तिकडे फिरकलं, की लांबूनच खेकसायचा.

तात्पर्य: आज ज्याचा उपयोग दिसत नाही, ते उपटायची घाई करू नका. उपटायला एक सकाळ पुरते, पण बी संपलं की ते राजालाही विकत मिळत नाही.