चुळबुळ्या गोमाची मूठ

फार वर्षांपूर्वी, आडखोलच्या खाडीला शीड आणि वल्हं यांपलीकडे काही ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. ऐकताना चुळबुळ केलीत तरी माझी हरकत नाही, कारण गोष्टच चुळबुळीची आहे.

आडखोलात गोमा नावाचा एक माणूस होता. त्याचे हात म्हणून कधी स्वस्थ नसत. देवळात गेला की घंटेची साखळी ओढून बघायचा. कुणाच्या ओटीवर बसला की खांब हलवून बघायचा. जेवताना पाट डगमगला तर भरल्या पानावरून उठून त्याखाली करवंटीचा तुकडा सरकवायचा. असं म्हणतात, की पाळण्यात असताना त्यानं पाळण्याचीच कडी सोडवली होती. खरंखोटं त्याची आई जाणे. गाव त्याला चुळबुळ्या गोमा म्हणायचं, आणि त्याची बायको येसू जे म्हणायची ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या दिसल्या की मात्र त्याचे हात फारच शिवशिवत. सुकाणू कसं बसवतात ठाऊक आहे ना? होडीच्या मागच्या फळीला दोन लोखंडी कड्या असतात, एक वर आणि एक खाली. सुकाणूला दोन आकडे असतात. आकडे कड्यांत अडकवले की सुकाणू दारासारखं फिरतं. गोमा येताजाता प्रत्येक सुकाणू धरून हलवायचा. कडी खुळखुळली की तिथंच बैठक मारायचा, खिळे उपसायचा, कुजकं लाकूड कोरून काढायचा, भोकात राळ लावलेली सागाची खुंटी ठोकायचा आणि त्या खुंटीत नवा खिळा मारायचा.

"लाकूड थकला काय त्याच भोकात खिळो रवणा नाय," एवढंच तो म्हणायचा.

कुणी बोलावलेलं नसायचं आणि कुणी आभारही मानत नसे. पण खाडीच्या तोंडाशी म्हशीचा खडक आहे, ओहोटीचं पाणी होडीला तिकडेच ओढतं, आणि त्या सगळ्या वर्षांत आडखोलची एकही होडी त्या खडकावर गेली नाही, असं म्हणतात.

मग एकदा भर हंगामात घोटाळा झाला. राघो तांडेलाची होडी गावात सगळ्यांत मोठी होती, आणि आवाजही त्याचाच सगळ्यांत मोठा. तो शीड चढवत असताना गोमानं मागं जाऊन सुकाणू हलवलं आणि वरची कडी खिळ्यांसकट त्याच्या हातात आली. बाकीच्या होड्या मासळीवर गेल्या आणि राघो वाळूत उभा राहिला.

"माजी होडी, माजा सुकाणू. तू कोण हलवणारो?" राघो कडाडला.

"हलत होता म्हणान हलवलंय, तांडेलानू," गोमा म्हणाला.

राघोनं गाव गोळा केलं. गावालाही कधीचा राग होताच, कारण ज्याचा त्याचा खांब हलवणारा माणूस कुणाला आवडतो? ग्रामदेवतेसमोर गोमाला नारळावर हात ठेवायला लावला आणि शपथ घ्यायला लावली, की दुसऱ्याच्या होडीला पुन्हा हात लावणार नाही. राघोनं घाईघाईनं तीच कडी त्याच भोकांत ठोकली, भेगा लुकणानं बुजवल्या आणि लुकणावर रंग मारला. झाकपाक झाली. गाव निवांत झालं.

गोमा निवांत होईना. किनाऱ्यावर जायचा आणि हात काखेत दाबून परत यायचा. घरी येऊन खाट हलवायचा, उतरंड हलवायचा. येसूची मडकी फुटली आणि ती रडलीही, पण मडक्यांसाठी नव्हे. नवऱ्याला आतून काहीतरी खातंय हे तिला कळत होतं.

पुढं त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, मथुरीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा खडकापलीकडच्या बंदरातला. वरात न्यायची राघोच्या होडीतून, कारण तेवढी माणसं दुसऱ्या होडीत मावणार नव्हती. राघोनं मोठ्या मनानं होडी दिली. नवा रंग दिला, आणि सुकाणूच्या त्याच कडीवर गोंड्याच्या फुलांची जाड माळ बांधली.

मथुरी होडीत बसली. गोमाचा हात माळेकडे गेला, शपथ आठवली आणि हात मागं आला.

"तांडेलानू, तुम्ही तरी जरा हलवून बघा," तो म्हणाला.

"आज वरात आसा. आज कायएक हलवूचा नाय," राघो म्हणाला, आणि होडी निघाली.

रिवाजाप्रमाणं मुलीचा बाप काठावर राहिला. होडी खाडीच्या तोंडाशी पोचली, ओहोटीनं तिला धरलं, राघोनं सुकाणूचा दांडा ओढला आणि कडी माळेसकट निखळून पाण्यात गेली. खालच्या कडीवर लटकलेलं सुकाणू नुसतं लोंबू लागलं. काठावरून गोमाला शीड भलतीकडे वळताना दिसलं. खडक समोर होता.

गोमानं उडी टाकली. कुणी म्हणतात तो पोहला, कुणी म्हणतात खाडीनं त्याला वाट दिली, आणि कुणी शपथेवर सांगतात की तो पाण्यावरून धावला. मला विचाराल तर त्याचे पाय तरी कधी स्वस्थ होते? तो होडीपर्यंत पोचला, एवढं नक्की. डाव्या हातानं त्यानं मागच्या फळीला मिठी मारली आणि सुकाणूचा वरचा आकडा उजव्या मुठीत घट्ट धरला. कडी नव्हती, तिथं त्याची मूठ होती.

राघोनं दांडा फिरवला. गंजका आकडा त्या मुठीत फिरला आणि होडी वळू लागली. पुन्हा फिरवला, पुन्हा वळली. पाणी लाल झालं. मथुरीनं मागं वाकून बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"बाबा, हात हलवू नको," ती म्हणाली.

आणि जन्मात पहिल्यांदा गोमाचा हात हलला नाही. होडी खडकाला घासून पलीकडे गेली. असं म्हणतात, की खडकावर त्या रंगाची रेघ अजून आहे.

मूठ सोडवायला तिघे लागले. ती बोटं पुन्हा कधी उघडली नाहीत की हलली नाहीत. गोमा किनाऱ्यावर उंडीच्या झाडाखाली बसून राहायचा, मांडीवर मूठ ठेवून, अगदी गप्प. त्याला तसं बसलेलं बघून गावाला चैन पडेना. शेवटी राघो आला, खाली मान घालून म्हणाला, "तू सांग, मी हलवतंय." गोमा हनुवटीनं होडी दाखवायचा आणि राघो सुकाणू हलवायचा. मग दुसरे हलवू लागले, बायका हलवू लागल्या, पोरं हलवू लागली.

आजही आडखोलात होडी कुठल्याही रंगाची असो, सुकाणूच्या कड्यांवर रंग नसतो आणि माळही नसते. कुणीही कुणाचंही सुकाणू हलवावं, विचारायचं नाही. वारा पडलेल्या दुपारी ओढलेल्या होड्यांची सुकाणू आपोआप करकरतात, तेव्हा लोक म्हणतात, गोमा फेरी मारतोय.

आणि वरात होडीतून निघायची असली, की आधी मुलीचा बाप सुकाणू हलवतो. खुळखुळलं तर मुहूर्त टळतो, खुंटी ठोकली जाते, कुणी रागावत नाही. मग होडी निघते आणि बाप उजवी मूठ आवळून काठावर उभा राहतो. शीड म्हशीच्या खडकापलीकडे गेलेलं दिसलं, की मगच तो मूठ उघडतो.