वजा केलेला उजेड

एकदा एका वृद्ध खगोलशास्त्रज्ञांकडे त्यांची शिष्या वैदर्भी रडवेल्या चेहऱ्याने आली. एका मॅग्नेटारमधून गॅमा किरण येतात हे सिद्ध करण्याचा तिने पण केला होता. मॅग्नेटार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा सांगाडा. आकाराने जेमतेम शहराएवढा, पण चुंबकशक्ती अशी की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावे. अशा बड्या असामीपुढे शेजारपाजाऱ्यांना कोण विचारतो? दुर्बिणीच्या नकाशातून भोवतालचा गॅमा किरणांचा पसरट उजेड ‘पार्श्वभूमी’ म्हणून वजा करायचा, ही या विद्येची रीतच. वैदर्भीने तो निष्ठेने वजा केला, आणि हाती शून्य उरले.

“सर, संपलं सगळं. उद्या परिषदेत कोणत्या तोंडाने उभी राहू?”

सरांनी मूळ नकाशा टेबलावर पसरला, खिशातून सुपारीचे खांड काढले आणि नेमके मॅग्नेटारवर ठेवले.

“आता याला सोड. तू जे वजा केलंस, ते मोज.”

वैदर्भीला रागच आला. “ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, त्यालाच झाकता?”

सरांनी नुसते संगणकाकडे बोट दाखवले. ती धुसफुसतच संगणकापुढे बसली. दुपारपर्यंत उत्तर आले आणि ती ताडकन उठली. मॅग्नेटार वगळूनही उजेड तसूभर कमी झाला नव्हता! त्या उजेडाचा मध्य शेजारच्या महाकाय ताऱ्यांच्या गुच्छावर होता.

“अगं, काखेत कळसा नि गावाला वळसा,” सर हसले. “हे तारे तुझ्या मॅग्नेटारचेच भाऊबंद, एकाच ढगातून जन्मलेले. ते अखंड वारे सोडतात. ते वारे एकमेकांवर आदळतात, त्या धुमश्चक्रीत कण वेग घेतात आणि वायूच्या ढगांवर आपटून गॅमा किरण उधळतात. एकेका ताऱ्याला पकडशील तर कुणाच्याच पदरात फारसं काही सापडणार नाही. तू मोठं नाव शोधत होतीस, म्हणून मोठं काम दिसलं नाही.”

वैदर्भीला हसू आणि रडू एकदमच आले.

दुसऱ्या दिवशी तिने काहीही वजा न केलेला नकाशा पडद्यावर लावला आणि सारा हिशेब निर्भयपणे मांडला. एक नामवंत विद्वान उठले. “म्हणजे आपला मॅग्नेटार हरला म्हणायचा?”

“हरला, सर,” वैदर्भी ताठ मानेने म्हणाली. “आणि त्याचं सगळं गणगोत जिंकलं.”

सभागृह टाळ्यांनी दणाणले. सर्वांत आधी टाळी वाजली ती त्या विद्वानांचीच.