हाक कुणासाठी होती

फार पूर्वी, माळावर माणसं कमी आणि दगड जास्त होते, तेव्हा तिथं एक टिटवी आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत होती. टिटवीचं घर ते काय, जमिनीतला एक खळगा आणि भोवती चार खडे. भिंत नाही, छप्पर नाही. पिल्लांच्या बापाला घारीनं उचललं ते पिल्लं अंड्यात असतानाच. तेव्हापासून त्या घरात भीती कायमची मुक्कामाला होती.

अशा घरात खाण्याच्याही आधी बोलणं शिकावं लागतं. आईनं पिल्लांना दोन हाका शिकवल्या. ती ‘दबा’ म्हणाली की असाल तिथं जमिनीला चिकटायचं आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचा. ‘या’ म्हणाली की आडवंतिडवं न बघता तिच्याकडे पळत सुटायचं.

थोरल्यानं एका सकाळीच सगळं पाठ करून टाकलं. आईनं ‘दबा’ म्हणायचा अवकाश, हा सपाट झालेला असायचा. धाकटीचं तसं नव्हतं. हाक आली की ती आधी आईकडे बघायची. आईची मान कुठं वळलीय, नजर कशावर आहे, पाय कुठं चाललेत, हे सगळं पाहून मग बाईसाहेब हलायच्या. थोरला तिला येताजाता चिडवायचा, की हाक कानांनी ऐकतात, डोळ्यांनी नाही. आईसुद्धा वैतागायची. एवढा उशीर केलास तर घार तुझ्यासाठी थांबणार आहे का, असं तिनं कितीदा तरी सुनावलं होतं. धाकटी ओशाळायची. आपल्या डोक्यात काही शिरत नाही, असं तिला मनापासून वाटायचं.

एके दिवशी दुपार कलली आणि माळावर खोकड आलं. खोकड म्हणजे कोल्ह्याचाच धाकटा भाऊ, अंगानं बारीक पण नाकानं फार तिखट. ते जमीन हुंगत हुंगत सरळ खळग्याच्या दिशेनं निघालं. “दबा,” आई पुटपुटली आणि भुर्रकन दूर उडाली. पिल्लं खड्यांत खडे होऊन पडली. खोकडाच्या पायाखाली वाळलेलं गवत मोडत होतं आणि तो आवाज जवळ जवळ येत होता. 

तेवढ्यात आईनं भलतंच काही तरी केलं. ती पलीकडे जमिनीवर आपटली, एक पंख लोंबता ठेवून लंगडू लागली आणि सगळा माळ दणाणेल अशा आवाजात ओरडू लागली, “या रे बाळांनो, या. मला उडता येत नाही.” खोकडानं कान टवकारले आणि ते तिच्याकडे वळलं.

“आई बोलावतेय, चल,” थोरला म्हणाला.

धाकटीनं डोळे किलकिले करून पाहिलं. आईची पाठ त्यांच्याकडे होती. पाय लांब लांब चालले होते. पंख लोंबत होता खरा, पण खोकड जवळ आलं की ती नेमकी तेवढीच पुढं सरकत होती.

“दादा, थांब. ती नाव आपलं घेतेय, पण बोलतेय त्याच्याशी.”

“‘या’ म्हणजे या,” थोरला म्हणाला आणि पळत सुटला.

त्याच्या पायाखालचा खडा निसटला. खोकड गर्रकन मागं फिरलं. मग आईनं नाटक सोडलं आणि ती सरळ त्याच्या तोंडावर जाऊन आदळली. पिसं उडाली. तिनं डोळ्यावर चोच मारली तेव्हा कुठं खोकड केकाटत ओढ्याकडे पळालं. पण तिचा पंख त्याच्या दातांत सापडला होता. मघाशी खोटा लोंबणारा पंख आता खरोखर लोंबत होता.

थोरला आल्या पावली खळग्यात परतला. आई कशीबशी सरपटत बोरीच्या जाळीखाली शिरली. तेवढ्यात माळावरून एक सावली सरकली. वर घार फिरत होती, आणि एवढ्या पळापळीनंतर खळगा तिच्या नजरेतून सुटणार नव्हता.

“या बाळांनो, या,” जाळीतून आई म्हणाली.

थोरला जमिनीला आणखीच चिकटला. “मी नाही येणार. आता मला कळलंय. पंख लोंबला की हाक खोटी असते.”

धाकटीलाही हलायची हिंमत होत नव्हती. मधली जमीन उघडी होती आणि सावली पुन्हा वळून येत होती. तरी तिनं मान उचलून आईकडे पाहिलं. आई जागची हलत नव्हती. तिचं तोंड त्यांच्याकडे होतं, नजर वर जाई आणि लगेच पिल्लांवर येई. आणि तिनं आवाज खळग्यापर्यंत पोचेल एवढाच काढला होता.

“दादा, ऊठ. या वेळी ती आपल्यालाच म्हणतेय.”

“कशावरून? शब्द तर तेच आहेत.”

“तिच्याकडे बघ ना एकदा.”

त्यानं बघितलं. मग दोघं जी धावत सुटली ती जाळीतच जाऊन पडली. मागं घारीच्या नख्या रिकाम्या खळग्यातल्या खड्यांवर खरवडल्या.

आईनं धडक्या पंखाखाली दोघांना घेतलं. थोरला हुंदके देत होता. आपल्यामुळे आईचा पंख गेला, हे त्याला कळलं होतं. खरी हाक कुठली नि खोटी कुठली ते ओळखायचा काही तरी नियम सांग, म्हणून तो तिच्या मागंच लागला.

“नियम खोकडही शिकतं, बाळा,” आई म्हणाली. “माझी हाक जशी तुला ऐकू येते, तशीच त्यालाही येते. म्हणून कधी कधी मला तुमच्यासमोर त्याच्याशी बोलावं लागतं. त्या वेळी मी कुणासाठी बोलतेय, ते तुमचं तुम्हालाच ओळखावं लागेल. आणि ही उशिरा हलते म्हणून मी हिलाच रागवत होते.”

तिचा पंख पुढं पुरता बरा झाला नाही. मग माळावर कुठंही खुट्ट झालं आणि आईनं हाक दिली, की थोरला आधी तिच्याकडे बघायचा, आणि त्याला कुणी चिडवत नसे.

तात्पर्य: शब्द सगळ्यांच्याच कानांवर पडतात. ते कुणासाठी आणि कशासाठी निघाले, हे बोलणाऱ्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.