साळूचा घुमट

आंबवेढ्याची जुनी कचेरी शहरापासून पाच कोसांवर आहे. रविवारी शहरातली मंडळी जुन्या इमारती पाहायला निघतात, तेव्हा इथे हमखास थांबतात. बाहेरून ती काळ्या दगडाची, साधी, ठेंगणीच वाटते. आत गेलं की मात्र मान आपोआप वर जाते. गोल भिंत आणि तिच्यावर एकही खांब न घेता तोललेला घुमट. भिंतीत समोरासमोर दोन कोनाडे आहेत, दोघं-तिघं मांडी घालून बसतील एवढे. माहिती सांगायला केशवराव गवंडी येतात. वय ऐंशीच्या आसपास, आवाज अजून खणखणीत. इमारतीचं वय विचारलं तर ते म्हणतात, "वर्षं मला ठाऊक नाहीत. कुणी बांधली आणि कशासाठी, तेवढं ठाऊक आहे."

मग ते सांगतात ते असं.

त्या काळी आंबवेढ्यावर हैबतराव देसायाचा अंमल होता. गावदेवीचं देऊळ दुरुस्तीला काढलं आणि गाभाऱ्याचं काम धोंडजी पाथरवटाकडे आलं. काम चालू असतानाच देवीचा सोन्याचा मुकुट नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी धोंडजीला देसायाच्या वाड्यातून बोलावणं आलं, विहिरीचा कठडा ढासळलाय म्हणून. भिंत सरळ आहे का ते पाहायचा पितळी ओळंबा कमरेला लावून तो गेला, तो परत आला नाही. संध्याकाळी दवंडी फिरली की धोंडजी मुकुट घेऊन पळाला. त्याच आठवड्यात देसायाने विहीर बाटली म्हणून बुजवून टाकली.

धोंडजीची बायको साळू. तिला कुणी पाणी भरू देईना. चोराची बायको म्हणून बाया पदर सावरून बाजूला सरत. ती रडली नाही, म्हणतात. बुजवलेल्या विहिरीपाशी एकदा उभी राहिली, माती ओलीच होती. तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं. पण देसायासमोर पाथरवटणीचं कोण ऐकणार?

ती माहेरी गेली, दक्षिणेला. तिचा बाप बाळप्पा घुमट बांधणाऱ्यांतला नावाजलेला कारागीर. म्हातारपणी त्याची नजर गेली होती. साळू लहानपणापासून त्याच्या बांधकामांच्या परांच्यांवर वाढलेली. आता तीच त्याचे डोळे झाली.

सात वर्षांनी हैबतरावाला कचेरी बांधायची हौस आली. घुमट हवा होता आणि घुमटाचा कारागीर आसपास मिळेना. बाळप्पाला निरोप गेला. म्हाताऱ्याचा हात धरून साळू आली, तेव्हा देसायाने तिला ओळखलं आणि तो हसला. कारभाऱ्याला म्हणाला, "येऊ दे. चोराच्या बायकोलाही देसायाने पोटाला लावलं, असं लोक म्हणतील."

साळूने मान खाली घातली. "सरकारांची बैठक कुठे घ्यायची?" एवढंच तिने विचारलं.

तीन वर्षं काम चाललं. भिंतीची गोलाई ती स्वतः दोरी धरून आखायची. एक थर बोटभर चुकला म्हणून तिने बारा हात भिंत उतरवायला लावली. गवंडी कुरकुरले.  एवढी नेमकी गोलाई कशाला लागते ते बाळप्पाला मात्र ठाऊक होतं.

घुमट मिटला त्या दुपारी तिने बापाला एका कोनाड्यात बसवलं आणि स्वतः समोरच्या कोनाड्यात गेली. भिंतीशी तोंड नेऊन ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. पलीकडे म्हातारा दचकला. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"धोंडजीचं नाव कुणी घेतलं, बाई? अगदी कानाशी."

"मीच, अप्पा," साळू म्हणाली. "आता देसायाला ते घ्यायला लावायचंय."

वास्तुशांतीच्या दिवशी बारा गावची माणसं जमली. सुभ्याचा अंमलदारही आला. त्याचा मान म्हणून साळूने त्याला एका कोनाड्यात लोड लावून दिला, शेजारी देवीचा पुजारी आणि गावचा पाटील. समोरच्या कोनाड्यात हैबतराव बसला, त्याला खेटून कारभारी. मग कारागिरांची भेट म्हणून साळूने देसायापुढे तबक धरलं. वरचं फडकं काढलं. आत पितळी ओळंबा होता. धोंडजीच्या ओळंब्यासारखाच, तिने तांबटाकडून घडवून आणलेला.

देसायाचा चेहरा उतरला. मागे सरकून भिंतीला टेकत तो कारभाऱ्याच्या कानाशी लागला. "हा तर त्याच्या कमरेला होता. विहिरीतून वर कसा आला?"

कारभारी कुजबुजला, "शक्य नाही सरकार. तो बुडाल्यावर मी उभं राहून विहीर बुजवून घेतली. मुकुट तरी जागेवर आहे ना?"

"देवघरातल्या फरशीखाली आहे."

समोरून पुजारी ताडकन उठला. अंमलदाराने हात वर करून बाहेर वाजणारे ताशे थांबवले आणि ऐकलेला शब्द न् शब्द बारा गावांपुढे मोठ्याने म्हणून दाखवला. लोक वाड्यावर धावले. फरशीखाली मुकुट निघाला. विहीर उकरली, तळाशी हाडं निघाली आणि कमरेच्या जागी हिरवा पडलेला ओळंबा.

लोक दगड उचलून उभे होते. अंमलदाराने साळूला विचारलं, "काय शिक्षा देऊ?"

"मारू नका," ती म्हणाली. "मेला तर सुटेल. कारभाऱ्याचं काय करायचं ते तुम्ही करा. याला त्याच कोनाड्यात बसवा. रोज, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. मी समोर बसेन."

तसंच झालं. पहाऱ्यात देसाई रोज त्या कोनाड्यात बसे आणि साळू समोर. तो पुटपुटला तरी तिला ऐकू जाई, ती ते उठून चारचौघांत सांगे. जप केला तरी सांगे, शिवी दिली तरी सांगे. हळूहळू त्याने बोलणंच सोडलं. पहिल्या वर्षाअखेर बाळप्पा लेकीला म्हणाला, "पुरे कर आता. घुमट ऐकण्यासाठी असतो, छळण्यासाठी नाही." साळूने बापाला गावी पोचवलं आणि परत येऊन बसली.

अशी अकरा वर्षं गेली, म्हणे. शेवटच्या दुखण्यात देसायाला तहान लागली, तेव्हाही त्याने तोंड उघडलं नाही, नुसती ओंजळ पुढे केली. साळूने ती पाहिली. ती जागची हलली नाही. पहारेकरी पाणी घेऊन येईपर्यंत ओंजळ खाली पडली होती. मग ती उठली, भिंतीला हात लावला आणि गाव सोडून गेली. कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही.

 इथवर आलं की मंडळींपैकी कुणीतरी विचारतंच, "तिला समाधान मिळालं असेल का हो?" केशवराव मग गावची रीत सांगतात.

आजही आंबवेढ्यात कुणी नवं घर बांधायला काढलं, की पाया खणण्याआधी मालक आणि गवंडी या कचेरीत येतात. दोघं समोरासमोर बसतात. गवंडी भिंतीशी तोंड नेऊन हळूच म्हणतो, "धोंडजी चोर नव्हता." पलीकडून मालकाने "ऐकलं" म्हटल्याशिवाय गावात कुणी कुदळ उचलत नाही.